जळगावात प्री-वेडिंगची जागा ठरवताना: खान्देशातल्या जोडप्यांसाठी

साखरपुडा झाला की आठवडाभरात दोन फोन येतात. मंगल कार्यालयवाल्याचा, ॲडव्हान्स भरा म्हणून. आणि फोटोग्राफरचा, "ताई, लोकेशन काय ठरलं?" म्हणून. पहिला फोन बाबा नाहीतर काका घेतात. दुसरा तुमच्या गळ्यात पडतो. मग रात्री दोघं व्हिडिओ कॉलवर बसून उदयपूरचे महाल आणि गोव्याचे किनारे बघत बसता. सुट्टी मात्र दोनच दिवसांची असते, कारण तो हिंजवडीला आणि तुम्ही जळगावला.

मी यातून गेल्या हिवाळ्यात गेले. त्यानंतर मामेबहिणीचंही शूट मीच मार्गी लावलं. तेव्हापासून नात्यातली प्रत्येक नवरी मलाच फोन करते, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. उदाहरणं जळगाव आणि आसपासची आहेत. धुळे-नंदुरबारकरांसाठीही मध्येमध्ये लिहिलंय.

एक गोष्ट आधीच सांगते. कुठलीही जागा बारा महिने चोवीस तास चांगली नसते. मेहरूण तलाव सकाळी सातला वेगळा आणि रविवारी संध्याकाळी सहाला वेगळा. म्हणून नुसतं "मेहरूण तलाव" ठरवून भागत नाही. कुठल्या महिन्यात, कुठल्या वारी, किती वाजता, हेही त्याच वाक्यात आलं पाहिजे.

१. आधी दोन्ही घरांत बोला

हा मुद्दा मुलं टाळतात आणि मग आयत्या वेळी रडारड होते. आपल्याकडे काही समाजांच्या बैठकांमध्ये प्री-वेडिंगच्या विरोधात ठराव झालेत. तुम्हाला ते पटो न पटो, घरातल्या मोठ्यांना समाजात उठबस करायची असते. बऱ्याच घरांचा आक्षेप फोटोंना नसतो. लग्नाच्या मांडवात मोठ्या पडद्यावर व्हिडिओ लावण्याला असतो. तेव्हा दोन प्रश्न वेगळे करून विचारा: फोटो काढायला हरकत आहे का, आणि चारचौघांत दाखवायला हरकत आहे का? आमच्याकडे पहिल्याला हरकत नव्हती, दुसऱ्याला होती. आम्ही तेवढ्यावर तोडलं आणि सगळे खूश राहिले.

सोबत कोण येणार तेही इथेच ठरवा. मुलीकडून बहीण किंवा वहिनी, मुलाकडून भाऊ. दोन माणसं पुरतात. मावशी, आत्या आणि त्यांची मुलं आली की ती सहल होते.

२. जागेआधी महिना ठरवा

खान्देशात हवामानच अर्धं काम ठरवतं. मार्चच्या शेवटापासून ऊन चढतं, आणि एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. अशा उन्हात मेकअप वितळतो, डोळे बारीक होतात आणि दोघं एकमेकांवर चिडचिड करत फोटोत हसतात. लग्न वैशाखातलं असलं तरी फोटो वैशाखात काढायची सक्ती नाही. साखरपुडा आणि लग्न यांत चार-पाच महिने असतील तर थंडी गाठा.

आखाजीला, म्हणजे वैशाखातल्या अक्षय तृतीयेला, झोक्यावर फोटो काढायची कल्पना बऱ्याच मुलींना सुचते. कल्पना छान आहे. लिंबाला बांधलेला झोका, माहेरवाशिणी, गाणी, सगळं आपलंच. पण मग सकाळी सहाला झोक्यावर बसा आणि आठच्या आत घरी या.

जुलै ते सप्टेंबर सातपुडा हिरवा असतो, धबधबे वाहतात. त्याच वेळी चिखल, सरकते दगड आणि कधीही येणारा पाऊसही असतो. पावसाळ्यात शूट ठेवलंत तर राखीव तारीख आधीच ठरवा आणि फोटोग्राफरकडून ती मान्य करून घ्या.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापूस फुटतो, शेतं पांढरी होतात. डिसेंबर-जानेवारी सगळ्यात उत्तम. हवा कोरडी आणि थंड, ऊन तिरपं. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या आत मावळतो. म्हणजे चांगला उजेड सकाळी सात ते नऊ आणि दुपारी चार ते पावणेसहा. मधल्या वेळात जेवा, झोपा, कपडे बदला.

आता एक युक्ती. पौषात आपल्याकडे लग्नं लावत नाहीत, त्यामुळे फोटोग्राफर, मेकअपवाल्या ताई आणि गाड्या मोकळ्या असतात. तुलसीविवाहानंतरच्या गर्दीत जो माणूस फोन उचलत नाही, तो पौषात स्वतःहून फोन करतो आणि दरातही बोलायला तयार असतो. "पौषात शुभकार्य नको" असं कुणी म्हणालंच तर सांगा की फोटोला मुहूर्त लागत नाही. माझ्या आजीनेही हे मान्य केलं, आणि ती सहजासहजी काही मान्य करणारी नाही.

३. शहरातल्या जागा

आधी शहरातच बघा. प्रवास वाचतो, भूक लागली तर खायला मिळतं, आणि साडीचा पिको सुटला तर कुणीतरी ओळखीचं घर जवळ असतं.

मेहरूण तलाव सगळ्यांना आठवतो आणि तो खरंच चांगला आहे. थंडीत पाण्यावर कोवळं ऊन पडतं, काठावर मोकळी जागा मिळते. पण सकाळी फिरायला येणारी मंडळी भरपूर असतात. ती वाईट नसतात, फक्त थांबून बघतात. शाळेतले सर भेटतात, बाबांचे मित्र भेटतात, "कुणाची गं तू?" होतं. आमच्या वेळी एका काकांनी थेट फोटोग्राफरला सूचना द्यायला सुरुवात केली. मंगळवार-बुधवार निवडा, रविवार सोडाच. आणि गणेश विसर्जन इथेच होतं, तेव्हा त्यानंतरचे काही दिवस काठाकडे जाऊ नका. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर मेहरूणची बोरं खात खात काढलेले दोन-चार फोटो हवेतच. पोझपेक्षा ते बरे येतात, कारण बोर तोंडात असताना कुणाला नाटकी हसता येत नाही.

जुनं जळगाव आणि सराफ बाजार याकडे फार कमी जोडपी जातात. मला हीच शहरातली सगळ्यात वेगळी जागा वाटते. जळगावला सुवर्णनगरी म्हणतात, तुमचं मंगळसूत्रही बहुधा तिथेच घडणार आहे. दुकानं उघडायच्या आधी, सकाळी आठच्या सुमाराला, बंद शटरांच्या रांगेतून चालतानाचे फोटो घ्या. मग वाटलं तर मंगळसूत्र बघायला जाल तेव्हाचे. दुकानाच्या आत काढायचे तर मालकाला आधी विचारा, कारण तिथे इतर गिऱ्हाइकं आणि त्यांचं सोनं असतं. भर गर्दीच्या वेळी कॅमेरा बाहेर काढलात तर हमाल, हातगाड्या आणि तुम्ही, तिघांचाही खोळंबा होतो.

बागा: भाऊंचे उद्यान नीटनेटकं आहे. लांडोरखोरी वनोद्यान झाडीचं आहे, तिथे हिरवळीतला मऊ उजेड मिळतो. दोन्हीकडे व्यावसायिक कॅमेरा चालतो का, शुल्क आहे का, हे गेटवर आदल्या दिवशी विचारा. मोबाईलवर कुणी अडवत नाही. स्टँड आणि छत्र्या दिसल्या की अडवतात.

जैन हिल्सवरच्या गांधीतीर्थाचा परिसर सुंदर आहे म्हणून बरेच जण ते नाव घेतात. २०१२ साली उघडलेलं ते महात्मा गांधींवरचं संग्रहालय आहे, शूटचा सेट नव्हे. तिथे जायचंच असेल तर संस्थेला रीतसर लेखी विचारा आणि नाही म्हणाले तर वाद घालू नका. माझं मत विचाराल तर तिथे पाहुण्यांना फिरायला न्या, फोटोंसाठी दुसरीकडे जा.

कॉलेजात ओळख झालेली असेल तर कॉलेजचा विचार जरूर करा. जळगावचं मू. जे. महाविद्यालय असो की अमळनेरचं प्रताप, जुन्या विद्यार्थ्यांनी प्राचार्यांच्या नावे अर्ज देऊन सुट्टीच्या दिवसाची परवानगी मागितली तर निदान कुणी हसत तरी नाही. परीक्षेचे दिवस टाळा.

आणि ते भाड्याचे सेट, जिथे खोटं युरोपातलं दार असतं, खोटं हेलिकॉप्टर असतं, प्लॅस्टिकच्या फुलांची भिंत असते. तासावर भाडं असतं, कपडे बदलायला खोली मिळते, पावसाची भीती नाही. सोयीचं आहे, नाकारत नाही. पण त्याच दारात तुमच्या आधी एक जोडपं उभं होतं आणि बाहेर दुसरं थांबलंय. अल्बम उघडल्यावर ते कुठल्या गावचं आहे ते तुम्हालाही सांगता येणार नाही.

४. शहराबाहेर जायचं तर

नियम एकच: घरापासून गाडीने तासाभरात पोहोचता आलं पाहिजे. त्याहून लांब गेलात तर सकाळचा उजेड रस्त्यात जातो.

*केळीची बाग.* आमचं शूट शेवटी इथेच झालं. मी मनातून सातपुड्याच्या जंगलात अडकले होते. अमळनेरकडची आमची आजी म्हणाली, "फोटो काढाकरता जंगलमा कसाले जातस? मामाना मळा काय वाईट शे?" मामाचा मळा यावल तालुक्यात. बाग बघायला गेलो आणि जंगलाचा विषय संपला.

पण केळीची बागही कुठलीही चालत नाही. जून-जुलैत लावलेली मृगबाग डिसेंबर-जानेवारीत डोक्याच्या वर जाते, पानं अजून फाटलेली नसतात, ओळीतून चालायला जागा असते. कांदेबाग, म्हणजे केळीचीच पण उशिरा लावलेली बाग, त्या वेळी गुडघ्याएवढीच असते, ती फोटोला उपयोगाची नाही. निर्यातीच्या बागांत घडांना प्लॅस्टिकच्या पिशव्या घातलेल्या असतात, त्या प्रत्येक फोटोत चमकतात. म्हणून घड निसवायच्या, म्हणजे बाहेर पडायच्या, आधीची बाग मागा. आत फार खोल शिरू नका. दाट पानांखाली उजेड हिरवा होतो आणि चेहरे आजारी दिसतात. बागेची कड, जिथे एका बाजूने ऊन येतं, तिथे उभे राहा.

केळीच्या चिकाचे डाग जात नाहीत, हे शेतकऱ्याच्या मुलीला सांगायला नको, पण शहरातल्या मुलांना सांगावं लागतं. तुटलेल्या पानाचा, कापलेल्या खोडाचा चीक कपड्याला लागला की वाळून काळपट तपकिरी होतो आणि कुठल्याही साबणाला दाद देत नाही. पैठणी नेसून खोडाला टेकायचं नाही. पांढरा कुर्ता तर नकोच. पायाखाली ठिबकच्या नळ्या असतात, टाच अडकते. आदल्या दिवशी पाणी सोडलं असेल तर काळी माती चपलेला अशी चिकटते की चप्पल उचलत नाही. त्यामुळे पाणी कधी सोडलंय हे मळ्यात वर्षभर कामाला असलेल्या सालदार दादांना विचारून दिवस ठरवा.

दुपारी उन्हात फोटो घेता येत नाहीत म्हणून मामीने भरिताची वांगी भाजायला घेतली. कापसाच्या पऱ्हाटीचा जाळ, वर बामणोदची हिरवी लांबडी वांगी. होणाऱ्या नवऱ्याला लाकडी बडगी आणि मुसळी हातात दिली. बाह्या वर सारलेल्या, बोटं वांग्याच्या जळक्या सालीने काळी झालेली, मिरच्यांच्या ठसक्याने डोळ्यांत पाणी, आणि मामी बाजूने ओरडतेय की असं नाही, तसं ठेच. फोटोग्राफर जेवायला बसला होता, तो पुरीचा घास हातातला टाकून उठला. घरच्यांनी फ्रेम करायला निवडला तो याच वेळचा फोटो. तुमच्या दिवसात एक तास असा ठेवाच ज्यात पोझ नाही, काहीतरी काम आहे.

*कापसाचं शेत.* पहिल्या वेचणीच्या आधी, दिवाळीच्या आसपास, शेत पांढरं दिसतं. वेचणी झाली की काही उरत नाही. फवारणी कधी झाली ते विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नका, आणि ताजी असेल तर त्या शेताचा नाद सोडा. पऱ्हाटीला जरीचा काठ अडकतो, तेव्हा सुती साडी नेसा.

*पद्मालय.* एरंडोल तालुक्यातलं गणपतीचं देऊळ, दोन मूर्ती, समोर कमळांचं तळं. कमळं सकाळी उमललेली असतात, तेव्हा जायचं तर पहाटे निघा. चतुर्थीला आणि अंगारकीला मुळीच नको. देवस्थानच्या लोकांना आधी भेटा, पारंपरिक कपडे घाला, गळ्यात गळे घालणाऱ्या पोझ देवळाच्या आवारात करू नका. मनुदेवीबाबत हे दुप्पट लागू. धबधबा पावसाळ्यात देखणा असतो, पण अनेक घरांची ती कुलदेवी आहे. लोक नवस फेडायला आलेले असतात. दर्शन घ्या, हात जोडलेला एक फोटो काढा, निघा.

*अजिंठा.* जळगावहून साधारण ६० किलोमीटर. जागतिक वारसा म्हटल्यावर सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. सोमवारी लेणी बंद असतात. चित्रं असलेल्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही. स्टँड आणि लवाजमा घेऊन व्यावसायिक शूट करायचं तर पुरातत्त्व खात्याची आगाऊ परवानगी लागते, गेटवर हुज्जत घालून ती मिळत नाही. शिवाय गाडी खाली टी पॉइंटला ठेवून बसने जावं लागतं, म्हणजे कपड्यांच्या बॅगा घेऊन बसमध्ये. वाघूर नदीच्या वळणाचं दृश्य वरच्या व्ह्यू पॉइंटवरून मिळतं, तेवढ्यासाठी गेलात तर ठीक.

*गिरणा आणि तापीचा काठ.* सूर्यास्त छान मिळतो. कांताई बंधारा असो की हतनूरच्या खालचं पात्र, पाण्यात उतरायचं नाही. हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत आणि पावसाळ्यात ते उघडले की खालचं पाणी बघता बघता चढतं. खडकावर उभं राहून ओढणी उडवण्याइतका तो फोटो मोलाचा नसतो.

*धुळेकरांसाठी* लळिंग जवळ आहे, मुंबई-आग्रा महामार्गालगत. किल्ला चढायचा तर जड लेहंगा खाली गाडीतच राहू द्या. पायथ्याकडची झाडी पावसाळ्यात सुरेख असते. तिथल्याच लांडोर बंगल्यात १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्कामाला होते. त्या आठवणीत दरवर्षी ३१ जुलैला तिथे मोठी गर्दी जमते, त्या दिवशी कॅमेरा घेऊन जाऊ नका. *नंदुरबार-शहाद्याच्या मंडळींना* तोरणमाळ आहे. यशवंत तलाव, थंड हवा, सातपायरी घाटाची वळणं. जळगावहून मात्र ते एका दिवसात करायचा हट्ट धरू नका. चाळीसगावकरांना पाटणादेवी आहेच, तिचं पुढे परवानग्यांच्या मुद्द्यात.

५. कपडे कुठे बदलणार?

मुलांना हा प्रश्न पडत नाही, मुलींना दिवसभर दुसरा पडत नाही. दोन ड्रेस म्हटले की एकदा तरी साडी सोडून पुन्हा नेसायची आहे. ती गाडीच्या मागच्या सीटवर, काचांना टॉवेल लावून नेसता येत नाही. प्रयत्न करणाऱ्या मैत्रिणी आहेत माझ्या. आणि स्वच्छतागृह. शहराबाहेर ते नसतंच असं धरून चाला.

म्हणून जागा पक्की करण्याआधी दहा मिनिटांच्या अंतरावर एक घर शोधा. नातेवाईक, वडिलांचे मित्र, गावातल्या शिक्षिका, कुणीही. आरसा, पंखा, पाणी आणि दार लावता येणारी खोली एवढं पुरे. असं घर मिळालं नाही तर जागा बदला. मी तर आता नवरीला आधी हेच विचारते आणि बाकीचं नंतर.

६. परवानग्या

ज्यांनी "काही लागत नाही ताई, आपली ओळख आहे" म्हटलं, त्यांच्या ओळखी गेटवर पोहोचेपर्यंतच असतात. मामेबहिणीच्या वेळी एका फोटोग्राफरने असंच सांगितलं. प्रत्यक्षात तास-दीड तास गेटबाहेर थांबून सगळे परतले, आणि त्या दिवसाचे पैसे मात्र त्याने पूर्ण मागितले.

अभयारण्य: यावल अभयारण्य, पालचं जंगल, आणि पाटणादेवी ज्यात येतं ते गौताळा औट्रमघाट अभयारण्य, इथे प्रवेश आणि छायाचित्रण वनविभागाच्या परवानगीने होतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातच तसं आहे. वनपरिक्षेत्र कार्यालयात आठवडाभर आधी जाऊन अर्ज द्या. धूरकांड्या, रंग, स्पीकर तिथे चालणार नाहीत. कोरड्या गवतात धूरकांडी म्हणजे वणवा.

रेल्वे: भुसावळची पोरं रुळांवर फोटो काढण्यात पटाईत. रुळांवर विनापरवाना जाणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाचं सोडा, वळणावरून येणारी गाडी ऐकू येईपर्यंत ती जवळ आलेली असते. प्लॅटफॉर्मवर शूट करायचं तर विभागाकडे अर्ज करा.

ड्रोन: जळगावचा विमानतळ शहराला लागूनच आहे, त्यामुळे कुठे उडवता येईल आणि किती उंच, हे ड्रोनसाठीच्या सरकारी नकाशावर तपासावं लागतं. २५० ग्रॅमहून जड ड्रोन धंद्यासाठी उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र आणि ड्रोनचा नोंदणी क्रमांक हवा. दोन्हींचा फोटो आधी मागून घ्या. वरणगाव-भुसावळच्या आयुध निर्माणीच्या, दीपनगरच्या वीज केंद्राच्या आणि धरणांच्या आसपास ड्रोन काढूच नका.

खासगी शेत: मालकाचा तोंडी होकार पुरतो, पण तो मालकाचाच घ्या. बटाईने करणाऱ्यालाही कळवा, पीक त्याचं असतं.

७. पाहणीला त्याच वेळी जा

फोटोग्राफरला घेऊन, निदान दोघांपैकी एकाने, शूटच्या आठवडाभर आधी जागेवर जायचं. शूट सकाळी साडेसातला असेल तर पाहणीही साडेसातलाच. दुपारी तीनला बघितलेल्या बागेवरून सकाळचा उजेड कुठून येईल ते कळत नाही. मोबाईलवर चार फोटो काढा आणि मागे काय दिसतंय ते नीट बघा: विजेचा खांब, पाण्याची टाकी, पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक, शेजारच्याचं खत. डोळ्यांना हे दिसत नाही, कॅमेऱ्याला सगळं दिसतं. रेंज आहे का, गाडी कुठपर्यंत जाते, कुत्री आहेत का, तेही बघून घ्या. सगळ्यांत महत्त्वाचं, तिथे काम करणाऱ्या माणसांशी बोला. "बुधवारी येऊ का? तुमची अडचण तर नाही ना?" एवढं विचारलं की त्या दिवशी शिडी, खाट, बैलगाडी, सगळं आपोआप मिळतं.

८. फोटोग्राफरशी काय काय लिहून घ्यायचं

व्हॉट्सॲपवर लिहिलेलं चालेल, पण लिहिलेलं हवं. किती तास, किती जागा, किती कपडे. एडिट केलेले फोटो किती आणि न केलेले सगळे मिळणार का. प्रवास, ड्रोन, मेकअप, सेटचं भाडं, परवानगीचं शुल्क यातलं काय पॅकेजमध्ये आणि काय वरून. पाऊस आला तर दुसरी तारीख कधी. फोटो किती दिवसांत. आणि एक जे कुणी विचारत नाही: आमच्या परवानगीशिवाय आमचे फोटो स्वतःच्या जाहिरातीसाठी टाकणार नाही. लग्न मोडण्याचे प्रसंग येतात, बोलायला अशुभ वाटतं म्हणून ते टळत नाहीत. त्या वेळी मुलीचे फोटो कुणाच्या तरी पेजवर फिरत राहतात.

जागेबद्दल त्यांचं ऐका, पण त्यांच्या सोयीची जागा आणि तुमच्या सोयीची जागा यात फरक असतो. एकाच जागी महिन्यातून दहा शूट करणाऱ्याला ती जागा पाठ असते, त्याचं काम लवकर उरकतं. "मागच्या वर्षी इथे काढलेले तीन अल्बम दाखवा" म्हणा. तिन्ही सारखे दिसले तर चौथा तुमचा असेल.

९. आदल्या रात्री बॅगेत

कागदपत्रं:
- दोघांच्या आधारची झेरॉक्स
- परवानगीची पत्रं, छापील (जंगलात मोबाईलला रेंज नसते)
- शुल्काच्या पावत्या
- ड्रोनवाल्याची प्रमाणपत्रं
- गाडीची कागदपत्रं
- शेतमालक, वनरक्षक, देवस्थानचे व्यवस्थापक यांचे नंबर, कागदावर लिहून

सामान:
- सेफ्टी पिनांचं पाकीट, सुई-दोरा, टिकल्या
- साध्या चपला दोघांच्याही, शूटची पादत्राणं पिशवीत
- पाणी, लिंबू सरबत, दशम्या किंवा पोळी-चटणी. रिकाम्या पोटी कुणी हसत नाही
- जुनी चादर बसायला, टॉवेल, ओले रुमाल
- डासांचं मलम, विशेषतः केळीच्या बागेसाठी
- पॉवर बँक
- कचऱ्यासाठी एक मोठी पिशवी

दागिने खरे नेऊ नका. न्यायचेच असले तर सोबतच्या वहिनीचं काम तेवढंच, डबा सांभाळायचा.

शूट संपल्यावर मळ्यातल्या माणसांना चहापाणी द्या आणि त्यांचेही दोन फोटो काढून घ्या. ते मोबाईलवर पाठवून विषय संपवू नका, छापून द्या. आमच्या सालदार दादांच्या घरात भिंतीवर तो फोटो लागलाय. मामेबहिणीच्या वेळी बागेची ओळ त्यांनी आधीच झाडून, नळ्या बाजूला सारून ठेवली होती.

शेवटचा हप्ता फोटो हातात आल्याशिवाय देऊ नका. पेन ड्राइव्ह मिळाला की तिथेच लॅपटॉपला लावून सगळ्या फाइली उघडतात का ते बघा, आणि एक प्रत दोघांपैकी दुसऱ्याच्या घरी ठेवा.